बॅकअप घेतलाय, पण रिस्टोअर करून पाहिलाय का?

मागच्या काही लेखांत आपण प्रयोगाची नोंदवही, फाईलींना नावं देण्याची पद्धत आणि डेटा स्वच्छ करणं याविषयी बोललो. आज त्याच्या पुढची पायरी घेऊ. डेटा एकदा सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये गेला की त्याची राखण कशी करायची? विषय थोडा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. हे समजायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. भूगोल, रसायन, वनस्पतिशास्त्र, समाजशास्त्र, कुठल्याही विषयात संशोधन करणार असाल तरी हे कधी ना कधी तुमच्या वाट्याला येणारच आहे.

पीएचडीच्या सुरुवातीला बहुतेकांचा डेटा एक्सेलच्या दोन-चार फाईलींत मावतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्या फाईली आवरेनाशा होतात. मग प्रयोगशाळेतल्या एखाद्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकलं जातं, त्यावर पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल बसवलं जातं आणि सगळे त्याला 'सर्व्हर' म्हणू लागतात. तो कोणी बसवला, त्याचा पासवर्ड कोणाकडे आहे आणि त्याचा बॅकअप कोण घेतं, हे विचारलं तर तीन वेगळी उत्तरं मिळतात. आधीच्या सिनियरने काहीतरी स्क्रिप्ट लावून ठेवलेली असते, आणि 'बॅकअप आहे ना' या वाक्यावर सगळे निर्धास्त असतात.

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी पुरे: 'बॅकअप आहे' हे तुमचं गृहीतक आहे. ते तपासण्याचा प्रयोग म्हणजे रिस्टोअर. तो प्रयोग केलेला नसेल, तर गृहीतकाला काडीचा पुरावा नाही.

नक्की काय जाऊ शकतं?

एक उदाहरण घेऊ आणि लेखभर तेच वापरू. समजा, तुम्ही एका तालुक्यातल्या ४० विहिरींचा अभ्यास करताय. दर महिन्याला प्रत्येक विहिरीची पाणीपातळी मोजता. ३० महिन्यांत १,२०० नोंदी झाल्या. त्यातल्या १० विहिरींत दर तासाला आपोआप पातळी टिपणारं यंत्र बसवलंय. त्याच्या वर्षाला ८७,६०० नोंदी होतात. शिवाय गावकऱ्यांच्या मुलाखती आहेत, विहिरींची स्थानिक नावं आहेत, 'पंपाचा तास वाढवला' किंवा 'शेजारी बोअर मारली' अशा शेऱ्यांचा रकाना आहे.

यातलं पुन्हा काय मिळवता येईल? विश्लेषणाचा प्रोग्रॅम हरवला तर पंधरा दिवसांत परत लिहाल. आलेख परत काढाल. प्रबंधाचा मसुदा गाइडच्या ईमेलमध्ये सापडेल. पण गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली विहिरीची पातळी या वर्षी मोजता येत नाही. तो उन्हाळा गेला. रुग्णाची त्या दिवशीची तपासणी, त्या हंगामातली फुलोऱ्याची तारीख, आता हयात नसलेल्या आजींची मुलाखत, सगळं त्याच जातीचं. म्हणून पहिलं काम कागदावरचं आहे. तुमच्या डेटाचे दोन भाग करा: पुन्हा तयार होऊ शकणारा आणि कधीच न होणारा. दुसऱ्या भागाला सगळी काळजी आधी मिळाली पाहिजे.

फाईल कॉपी केली की झालं, असं का नाही?

नवख्या माणसाला सगळ्यात आधी हेच सुचतं. डेटाबेसच्या फाईली एका फोल्डरमध्ये असतात, तो फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करू. वर्डच्या फाईलला हे चालतं. चालू डेटाबेसला चालत नाही. का, ते दुकानदाराच्या हिशेबावरून पाहू.

जुन्या पद्धतीचा दुकानदार दोन वह्या ठेवतो. व्यवहार झाला की तो लगेच रोजकीर्दीत लिहितो. मग सवडीने त्या नोंदी खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवतो. डेटाबेसही असंच करतो. बदल झाला की तो आधी एका सलग लॉगमध्ये लिहिला जातो, आणि डेटाच्या मुख्य फाईलींत मागाहून, सवडीने चढवला जातो. काही बदल तर त्या क्षणी फक्त मेमरीतच असतात. आता दुकान चालू असताना तुम्ही खतावणीची पानं एकेक करून झेरॉक्स करायला घेतलीत, तर काय होईल? पहिलं पान सकाळी ११ चं, पन्नासावं पान ११.२० चं. मधल्या वेळात एक रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात गेली असेल, तर ती दोन्हीकडे दिसेल किंवा कुठेच दिसणार नाही. अशी प्रत बऱ्याचदा उघडतच नाही. उघडली तर त्याहून वाईट, कारण आत काय बिघडलंय ते लगेच कळत नाही.

यावर दोन रीतसर मार्ग आहेत.

पहिला मार्ग 'डंप'चा. पोस्टग्रेससोबत पीजी-डंप आणि मायएसक्यूएलसोबत मायएसक्यूएल-डंप नावाचं साधन येतं. ते डेटाबेसला विचारून विचारून सगळी टेबलं आणि नोंदी एका फाईलमध्ये लिहून काढतं. मजकूर स्वरूपातला डंप नोटपॅडमध्ये उघडून वाचताही येतो. पीजी-डंप काम सुरू झाल्या क्षणाचं सुसंगत चित्र पकडतं, त्यामुळे इतरांना काम थांबवावं लागत नाही. मायएसक्यूएलमध्ये मात्र 'एकाच व्यवहारात डंप घे' असा पर्याय सांगावा लागतो, आणि तो इनोडीबी प्रकारच्या टेबलांनाच लागू पडतो. जुनी मायआयसॅम प्रकारची टेबलं असतील तर त्या वेळेपुरतं लिहिणं थांबवावं लागतं.

दुसरा मार्ग प्रत्यक्ष फाईलींच्या प्रतीचा, पण रोजकीर्दीसह. पोस्टग्रेसमध्ये पीजी-बेसबॅकअप हे साधन चालू सर्व्हरच्या फाईलींची प्रत घेतं आणि लॉगच्या फाईली वेगळ्या साठवल्या जातात. मग रिस्टोअर करताना सांगता येतं, की जुनी प्रत घे आणि मंगळवारी दुपारी ३ वाजून १० मिनिटांपर्यंतच्या नोंदी तिच्यावर चढव, पुढच्या नकोत. ३ वाजून ११ मिनिटांनी कोणी चुकून टेबल पुसलं असेल, तर तुम्ही त्याच्या आधीच्या मिनिटाला परत जाऊ शकता.

आपल्या विहिरींच्या डेटाबेसला रोज रात्रीचा डंप पुरेसा आहे. सेकंदाला शेकडो नोंदी येत असतील, किंवा एका दिवसाचा डेटाही गमावणं परवडणारं नसेल, तर दुसऱ्या मार्गाचा विचार करा.

आरसा म्हणजे बॅकअप नव्हे

'आमच्या सर्व्हरला दोन डिस्क आहेत, रेड आहे, त्यामुळे बॅकअपची गरज नाही.' हे वाक्य तुम्ही ऐकाल. रेड म्हणजे एकच डेटा एकाच वेळी दोन किंवा जास्त डिस्कवर ठेवायची सोय. एक डिस्क जळली तर दुसरी काम चालू ठेवते, एवढाच तिचा हेतू. दुसऱ्या यंत्रावर सतत चालणारी प्रतिकृती, म्हणजे रेप्लिका, हीही तशीच. आणि फोल्डर आपोआप क्लाउडवर जुळवत राहणारी सेवाही त्याच कुळातली.

हे सगळे आरसे आहेत. तुम्ही कुंकू लावलंत की आरशात दिसतं, पुसलंत की आरशातूनही पुसलं जातं. चुकून 'डिलीट' ची आज्ञा देताना 'कुठल्या नोंदी' ही अट लिहायची राहिली, तर ती चूक रेप्लिकावरही काही क्षणांत पोचते. बॅकअप म्हणजे काल रात्रीचा फोटो. आज चेहऱ्याला काहीही झालं तरी फोटो बदलत नाही. आरसा हवाच, पण तो वेगळ्या कामासाठी.

गिटलॅबची ती रात्र

आता एक खरी घटना. गिटलॅब ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना आपलं काम ठेवायला जागा देणारी कंपनी. म्हणजे लोकांचा डेटा सांभाळणं हाच तिचा धंदा. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या पोस्टग्रेस डेटाबेसवर ताण वाढला आणि मुख्य सर्व्हर आणि रेप्लिका यांचा मेळ तुटला. एक अभियंता रेप्लिका नव्याने उभी करायचा प्रयत्न करत होता. त्यासाठी रेप्लिकाचं डेटा फोल्डर रिकामं हवं होतं. त्याने फोल्डर पुसायची आज्ञा दिली, पण ती रेप्लिकावर नाही, मुख्य सर्व्हरवर गेली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं आणि त्याने आज्ञा थांबवली. तोपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम ४.५ जीबी उरला होता.

इथपर्यंतची गोष्ट कुणाच्याही बाबतीत घडू शकते. रात्रीची वेळ, दमलेला माणूस, दोन सारख्या दिसणाऱ्या काळ्या खिडक्या. शिकण्यासारखा भाग पुढचा आहे.

कंपनीकडे बॅकअपची एक नाही, बऱ्याच व्यवस्था होत्या. रोजचा डंप क्लाउडवर जायला हवा होता. पाहिलं तर तिथे काहीच नव्हतं. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा, आणि डंप घेणारं साधन मात्र ९.२ आवृत्तीचं चालत होतं. जुनं साधन नव्या सर्व्हरचा डंप घ्यायला नकार देतं, त्यामुळे रोजचा बॅकअप रोज फसत होता. फसल्याचा ईमेल जायची सोय होती, पण ते ईमेल त्यांच्याच मेलव्यवस्थेने नीट सही नसल्यामुळे परतवले होते. क्लाउडवरच्या डिस्कची छायाप्रत घ्यायची सोय डेटाबेसच्या सर्व्हरला चालूच केलेली नव्हती, कारण बाकीचे बॅकअप पुरेसे आहेत असं धरलं होतं. रेप्लिका तर आधीच पुसलेली. भरवशाच्या म्हशीला टोणगा, तोही एकदा नाही, ओळीने.

ते वाचले ते योगायोगाने. त्याच अभियंत्याने वेगळ्या चाचणीसाठी सुमारे सहा तास आधी डिस्कची एक छायाप्रत हाताने घेतली होती. ती परत आणायला धीम्या डिस्कमुळे साधारण १८ तास लागले. मधल्या सहा तासांत झालेले बदल गेले ते गेलेच: अंदाजे ५,००० प्रकल्प, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती. प्रोग्रॅमचे साठे डेटाबेसमध्ये नसल्याने ते सुखरूप राहिले.

कंपनीने हे लपवलं नाही. दुरुस्तीचं काम त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवलं आणि नंतर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. म्हणूनच आज आपण त्यातून शिकू शकतो. तो अहवाल वाचताना स्वतःला एक प्रश्न विचारा. त्या रात्रीच्या आधी, कधीही, कोणी एकदा जरी डंपवरून रिस्टोअर करायचा प्रयत्न केला असता तर? डंप नाहीत हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं असतं.

बॅकअप आवाज न करता कसा मरतो?

बिघडलेला पंखा आवाज करतो. बिघडलेला बॅकअप करत नाही. नेहमी सापडणारी कारणं अशी:

१. डिस्क भरली. रात्री २ वाजता चालणारी स्क्रिप्ट अर्धा डंप लिहून थांबते. फाईलचं नाव बरोबर, तारीख बरोबर, आत निम्माच डेटा. मजकूर स्वरूपातल्या डंपच्या शेवटी 'डंप पूर्ण झाला' अशा अर्थाची ओळ असते, पोस्टग्रेसमध्येही आणि मायएसक्यूएलमध्येही. ती ओळ आहे का, हे स्क्रिप्टनेच तपासायला हवं.

२. दाबलेली रिकामी फाईल. पुष्कळ जण डंपचं साधन थेट जीझिप नावाच्या, फाईल लहान करणाऱ्या साधनाला जोडतात. अशा जोडणीत संगणक शेवटच्या साधनाचं यश-अपयश कळवतो. डंप फसला तरी जीझिपने आपलं काम नीट केलेलं असतं, म्हणून निकाल 'यशस्वी'. हाती येते २० बाइटची फाईल. जोडणीतलं कुठलंही साधन फसलं तर सगळं फसलं असं धरायचा पर्याय बॅश शेलमध्ये असतो, तो चालू करा. आणि रोजच्या फाईलचा आकार कालच्याशी ताडून पाहा.

३. डंपमध्ये सगळं नसतं. पीजी-डंप एका डेटाबेसचा डंप घेतं, वापरकर्ते घेत नाही. त्यासाठी पीजी-डंपऑल हे साधन वेगळं चालवावं लागतं. मायएसक्यूएल-डंप साठवलेल्या प्रक्रिया आपणहून घेत नाही, तसा पर्याय द्यावा लागतो.

४. मराठी मजकूर. आपल्यासाठी हे फार महत्त्वाचं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. डंप किंवा रिस्टोअर करताना जोडणीची लिपीव्यवस्था लॅटिन-१ अशी राहिली, तर विहिरींची नावं आणि गावकऱ्यांचे शेरे विचित्र चिन्हांत बदलतात. ती विचित्र चिन्हं कधीकधी उलट फिरवून दुरुस्त करता येतात. पण अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं साठवली गेली असतील, तर त्या फाईलपुरती ती अक्षरं कायमची गेली. आकड्यांचे रकाने ठीकठाक दिसतात, म्हणून हे महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

५. एकाच नावावर पुन्हा लिहिणं. स्क्रिप्ट रोज त्याच फाईलवर लिहीत असेल, तर सोमवारी बिघडलेला डेटा मंगळवारी एकमेव चांगल्या प्रतीवर बसतो. फाईलच्या नावात तारीख हवीच.

रिस्टोअरची रंगीत तालीम

आता मुख्य काम. हे महिन्यातून एकदा करा. विहिरींच्या डेटाबेसला पहिल्या वेळी एखादा दिवस जाईल, नंतर तासाभरात होईल.

वेगळं यंत्र घ्या. स्वतःचा लॅपटॉप चालेल. चालू सर्व्हरवर तालीम करू नका, आणि यामागे नुसती सावधगिरी नाही, पक्कं कारण आहे. मायएसक्यूएल-डंपच्या फाईलमध्ये प्रत्येक टेबलाआधी 'हे टेबल असेल तर काढून टाक' अशी आज्ञा असते. डंप घेताना डेटाबेसचं नावही त्यात लिहिलं गेलं असेल, तर तुम्ही 'चाचणी' नावाच्या डेटाबेसमध्ये ओतायला जाल आणि फाईल सरळ मूळ डेटाबेसवर जाऊन बसेल. म्हणजे तालीम करता करता खरा डेटा पुसाल.

फक्त बॅकअपमधून उभं करा. मूळ सर्व्हर जळालाय असं समजा. त्यावरची कुठलीही फाईल, सेटिंग किंवा पासवर्ड उसना घेऊ नका. इथेच कळतं की डंप उघडायचा पासवर्ड त्याच सर्व्हरवरच्या फाईलमध्ये ठेवलाय, किंवा डेटाबेसची कोणती आवृत्ती होती ते कुठेच लिहिलेलं नाही.

घड्याळ लावा. किती वेळ लागला ते लिहून ठेवा. प्रगती अहवालाच्या आदल्या दिवशी सर्व्हर गेला तर गाइडना 'दोन तास लागतील' की 'दोन दिवस' हे खात्रीने सांगता आलं पाहिजे.

पहिल्या चुकीला थांबायला सांगा. पोस्टग्रेसचं पीएसक्यूएल हे साधन रिस्टोअर करताना मध्ये चूक आली तरी पुढे जात राहतं. पडद्यावरून शेकडो ओळी पळतात आणि शेवट व्यवस्थित दिसतो. चूक आल्यास थांब, हा पर्याय चालू करा. पडद्यावरचा सगळा मजकूर एका फाईलमध्ये साठवा.

मग मोजा. प्रत्येक टेबलात नोंदी किती? मासिक टेबलात १,२०० हव्यात, १,१६० असतील तर एक महिना गायब आहे. सगळ्यात अलीकडची तारीख कोणती? पातळीच्या रकान्याची बेरीज डंप घेतला त्या रात्रीच्या बेरजेशी जुळते का? त्यासाठी डंप घेतानाच हे आकडे एका छोट्या फाईलमध्ये लिहून ठेवायची सवय लावा. मराठी शेऱ्यांतल्या दहा ओळी डोळ्यांनी वाचा.

शेवटी संशोधनाचीच परीक्षा घ्या. प्रबंधातला एक तक्ता किंवा आलेख निवडा आणि तो या नव्या डेटाबेसवरून पुन्हा काढा. आकडे तेच आले तर पास. वेगळे आले तर बॅकअपमध्ये गडबड आहे किंवा तुमच्या विश्लेषणात, आणि दोन्ही आत्ताच कळलेलं बरं. मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारण्याआधी.

तालमीची तारीख, लागलेला वेळ, आलेल्या अडचणी आणि निकाल नोंदवहीत लिहा. उपकरणाचं कॅलिब्रेशन करतो तेव्हा आपण लिहितो ना? तितक्याच गंभीरपणे.

प्रती किती आणि कुठे?

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला एक सोपा नियम जगभर वापरला जातो, ३-२-१. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक प्रत वेगळ्या ठिकाणी. आपल्या उदाहरणात पहिली प्रत सर्व्हरवरचा चालू डेटाबेस. दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवरचे डंप. तिसरी विद्यापीठाच्या साठवण सेवेवर किंवा क्लाउडवर. हार्ड डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवा. सतत जोडलेली राहिली तर खंडणीखोर व्हायरस सर्व्हरबरोबर तिच्यावरच्या फाईलीही कुलूपबंद करून टाकतो. आणि कपाट शक्यतो दुसऱ्या खोलीत असू द्या. छत गळलं किंवा शॉर्ट सर्किट झालं, तर एकाच टेबलावरच्या दोन्ही वस्तू एकदमच जातील.

किती जुन्या प्रती ठेवायच्या? गेल्या सात दिवसांच्या रोजच्या, गेल्या चार आठवड्यांच्या साप्ताहिक आणि वर्षभराच्या मासिक, एवढ्या ठेवल्या तर बहुतेक अडचणी निभावतात. डेटा बिघडल्याचं दोन महिन्यांनी कळलं तरी त्याच्या आधीची प्रत हाताशी असते.

आणखी एक जबाबदारी. डेटाबेसमध्ये माणसांची नावं, फोन नंबर, आजार, मुलाखती असतील, तर बॅकअपची प्रत्येक प्रतही तितकीच खासगी आहे. सर्व्हरला पासवर्ड आणि पेन ड्राइव्ह उघडा, असं चालणार नाही. संमतिपत्रावर सही करताना त्या माणसाने तुमच्यावर विश्वास टाकलेला असतो. प्रत कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करा, आणि तिचा पासवर्ड तुमच्याशिवाय निदान गाइडना तरी माहीत असू द्या. पासवर्ड हरवलेला एन्क्रिप्टेड बॅकअप आणि नसलेला बॅकअप यांत काही फरक नाही.

मोठ्या विद्यापीठातही होतं

हे सगळं छोट्या प्रयोगशाळेपुरतं आहे असं वाटत असेल, तर क्योतो विद्यापीठाचं उदाहरण पाहा. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या या नामांकित विद्यापीठाच्या महासंगणकावरून दोन दिवसांत सुमारे ७७ टीबी डेटा पुसला गेला. जवळपास ३ कोटी ४० लाख फाईली, १४ संशोधन गटांच्या. त्यांपैकी ४ गटांचा डेटा परत आणता आला नाही. पुसणारा कोण? बॅकअपचाच प्रोग्रॅम. जुन्या लॉग फाईली काढून टाकणाऱ्या स्क्रिप्टची नवी आवृत्ती, जुनी चालू असतानाच तिच्या जागी ठेवली गेली. शेल स्क्रिप्ट चालता चालता वाचत जातं, त्यामुळे मध्येच नवा मजकूर वाचला गेला. त्यातल्या आवश्यक किमती ठरलेल्याच नव्हत्या, आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फाईली पुसल्या जाऊ लागल्या. पुरवठादार कंपनीने जबाबदारी स्वीकारली. पण त्या चार गटांतल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने विचार करा. 'महासंगणकाचा बॅकअप आहे' यावर त्यांचा भरवसा होता, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. तरीही ज्याच्याकडे स्वतःची एक प्रत वेगळी होती, त्याचंच काम टिकलं असणार.

म्हणून संस्था बॅकअप घेते म्हणून स्वस्थ बसू नका. संस्थेचा बॅकअप असू दे, न बदलता येणाऱ्या नोंदींची एक प्रत तुमच्याकडेही हवी.

आता काय कराल?

तुम्ही अजून संशोधनाला सुरुवात केली नसेल, तर प्रयोगशाळेत पाऊल टाकल्यावर पहिल्या महिन्यातच तीन प्रश्न नम्रपणे विचारा. डेटाबेसचा बॅकअप कुठे जातो? शेवटचं रिस्टोअर कोणी आणि कधी करून पाहिलं? ते करायची पद्धत कुठे लिहून ठेवली आहे? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी शांतता मिळेल. तेव्हा 'मी करून पाहू का?' असं म्हणा. नव्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेचा सगळा डेटा आतून समजून घ्यायला याहून चांगलं काम नाही. कुठलं टेबल कशाचं, कोणता रकाना कोणी भरला, कुठल्या महिन्यात नोंदी तुटल्या, हे सगळं रिस्टोअर करताना समोर येतं.

संशोधन सुरू झालं असेल, तर एक दुपार राखून ठेवा आणि कालचा डंप लॅपटॉपवर उभा करा. काही ना काही अडेलच: आवृत्ती जुळणार नाही, एखादा वापरकर्ता नसेल, मराठी अक्षरं बिघडतील. ते सगळं लिहून काढा आणि पुढच्या महिन्यासाठी दुरुस्त करा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तुमच्या आडात पाणी आहे की नाही, ते तहान लागायच्या आधी पोहरा सोडून बघा.

पुढच्या लेखात विश्लेषणाच्या प्रोग्रॅमचे बदल गिट वापरून कसे सांभाळायचे ते पाहू. तोपर्यंत तालमीची पहिली नोंद तुमच्या वहीत झालेली असू द्या.